हरणांची शिकार आणि अंगणातील गोचीड

मंडळी, न्यू जर्सीत घर घेताना मागे झाडी असावी, सकाळी अंगणात हरणे चरताना दिसावीत, ही आपल्यातील अनेकांची हौस असते. आणि पहिल्याच उन्हाळ्यात मुलाच्या गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड सापडली की तीच हरणे डोळ्यांत खुपू लागतात. पुढे सप्टेंबरात धनुष्यबाणाने शिकार करणारा कोणी दाराशी येऊन मागच्या झाडीत मचाण बांधण्याची परवानगी मागतो, तेव्हा काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो: परवानगी अवश्य द्यावी, पण त्यामुळे गोचिडी कमी होतील या आशेने देऊ नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीचे हरीण या देशात संपत आले होते. पुढे शिकारीवर निर्बंध आले, पडीक शेतांवर पुन्हा रान माजले आणि त्या रानात घरे उभी राहिली. लांडगे तर पूर्वीच मारले गेले होते. आज हरणांची संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते. ती जंगलातील कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि नवे झाड वाढूच देत नाहीत, रस्त्यावर गाड्यांपुढे येतात. वस्तीत बंदूक चालवणे शक्य नसते, म्हणून धनुष्य. न्यू जर्सीत बंदुकीसाठी इमारतीपासून ४५० फुटांचे अंतर राखावे लागते. धनुर्धराला २०१० पासून १५० फुटांपर्यंत येता येते, मात्र त्याने उंचावरून खाली बाण सोडला पाहिजे, म्हणजे चुकलेला बाण जमिनीतच रुततो. चांगला शिकारी २०-३० यार्डांच्या आत हरीण आडवे उभे राहीपर्यंत थांबतो, फुप्फुसांवर नेम धरतो आणि बाण लागल्यावरही अर्धा तास मचाणावरून उतरत नाही, कारण घाईने पाठलाग केल्यास जखमी जनावर दूर पळून हालहाल होऊन मरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे आणि ती तिथे योग्यच आहे. इथली परिस्थिती निराळी आहे.

आता गोचिडीकडे वळू. कनेक्टिकटमधील लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या या आजाराला ‘लाइम’ हे नाव मिळाले, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांच्या संशोधनातून त्याचा जिवाणू उजेडात आला. हा जिवाणू गोचिडीला हरणाकडून मिळत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तिची पिल्ले प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या रानउंदराचे रक्त पिताना तो घेतात. हरीण उपयोगी पडते ते प्रौढ मादीला: तिथे ती पोटभर रक्त पिते, मग पालापाचोळ्यात सुमारे २,००० अंडी घालते. एवढी अंडी घालणाऱ्या किड्यासाठी थोडी हरणे उरली तरी पुरतात.

याचा पुरावा आपल्या जवळच आहे. सॉमरसेट काउंटीतील बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये शिकारीने हरणे जवळपास निम्म्यावर आणली, तरी गोचिडी किंवा लाइमचे रुग्ण घटल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. उलट मेन राज्यातील मोन्हेगन बेटावर १९९६ ते १९९९ या काळात एकूण एक हरीण काढले गेले आणि तिथे गोचिडी खरोखरच ओसरल्या. बेटावर जे जमते ते चारी बाजूंनी खुल्या असलेल्या उपनगरात कसे जमणार?

शिकारीचा ऐन हंगाम आणि प्रौढ गोचिडींचा हंगाम एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबर. मारलेले हरीण थंड होऊ लागले की त्याच्यावरील गोचिडी उतरून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून ते गॅरेजमध्ये टांगू देऊ नये, शिकाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. रानातून आलेले कोरडे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटे फिरवले की त्यांतील गोचिडी मरतात. नुसत्या धुण्याने मरतीलच असे नाही.

खरे काम मात्र मे ते जुलैत असते. तेव्हाची अर्धवाढ गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि बहुतेक लागण तीच करते. हिरवळीच्या कडेचा पाचोळा उचलावा, झाडी आणि हिरवळ यांच्यामध्ये ३ फूट रुंदीचा लाकडी चिपांचा किंवा खडीचा पट्टा घालावा, झोपाळा झाडीपासून दूर ठेवावा. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर व बुटांवर फवारावे, कातडीवर नव्हे, आणि ते वाळेपर्यंत मांजराला जवळ येऊ देऊ नये. सिंधुदुर्गात आणि गोव्यातील सत्तरीत गोचिडींमुळेच पसरणाऱ्या माकडतापामुळे रानात जाणारी माणसे अशीच अंगभर कपडे घालून जातात आणि परतल्यावर अंग तपासतात.

रोज संध्याकाळी काखा, जांघा, कानांमागे आणि केसांत पाहावे. लाइमचा जिवाणू शरीरात जायला गोचीड साधारणपणे २४ तासांहून अधिक चिकटलेली असावी लागते, म्हणून हा रोजचा शोध सर्वांत मोलाचा. सापडल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर तेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. डॉक्टरांना योग्य वाटल्यास ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची एक मात्रा देता येते. नंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारी लाली किंवा ताप आला तर लगेच दाखवावे. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली चित्रांतल्यासारखी ठळक उठत नाही, सहज नजरेतून सुटते, तेव्हा गोचीड चावली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.