एक फूल देवाला, एक जावयाला

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात सहकारनगरच्या आमच्या गॅलरीत मी शिंजिरासाठी साखरपाण्याची बाटली टांगली. शिंजीर म्हणजे तो बोटभर, बाकदार चोचीचा पक्षी. नराच्या अंगावर ऊन पडलं की जांभळा चमकतो. फुलापुढे तरंगणारा हमिंगबर्ड अमेरिकेतला, तो आपल्याकडे नाही. आपला शिंजीर शक्यतो बसून पितो. म्हणून बाटलीला बसायला काडी हवीच. काडी विसरू नका.

मी लाल बाटली आणली, काडी लावली. शिंजीर शेजारच्या जास्वंदीवर येई, बाटलीकडे ढुंकूनही बघत नसे. सासूबाई रोज चहाला विचारायच्या, "आले का गं तुझे पाहुणे?" आल्या त्या मुंग्या. रांगेनं.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी पूजेच्या तबकातलं एक जास्वंद उचललं आणि बाटलीच्या नळीच्या तोंडाशी दोऱ्यानं बांधलं. म्हणाल्या, "अगं, दारावर पाटी नको का?" दुसऱ्या दिवशी सकाळी नर आला. सवयीनं फुलाच्या बुडाशी चोच खुपसायला गेला, ती घसरून गेली नळीत! क्षणभर थबकला. मग पुन्हा चोच घातली. पुन्हा. आम्ही दोघी पडद्याआड श्वास रोखून. गॅसवर दूध उतू गेलं, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही. तेव्हापासून सासूबाई दोन फुलं जास्त तोडतात. "एक देवाला, एक जावयाला," म्हणतात. जास्तीचं दुसरं जावयाच्या बायकोला असावं.

आता प्रमाण. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. एकाला चार. मध नको, गूळ नको, रंग तर नकोच. पुण्याच्या उन्हात पाणी लवकर आंबतं, रोज बदला, बाटली गरम पाण्यानं धुवा. मुंग्यांसाठी टांगायच्या तारेवर पाण्याची वाटी बसवा. तेल फासू नका, पिसांना चिकटतं.

आणि झाडांवर औषध मारू नका. पिल्लांना शिंजीर किडे नि कोळी भरवतो, साखरेवर पिल्लं वाढत नाहीत. आमच्या सोसायटीत दर महिन्याला फवारणी, आणि वर तक्रार की पक्षी येत नाहीत! कबुतरांना पोत्यानं धान्य टाकणाऱ्यांबद्दल मी आज बोलणार नाही. वेळ कमी आहे.

बाटलीपेक्षा कुंडीत जास्वंद किंवा हॅमेलिया, म्हणजे ते केशरी नळीसारख्या फुलांचं झुडूप, लावलात तर उत्तम. आमचा शिंजीर आता फुलाशिवायही बाटलीवर येतो. सासूबाई मात्र फूल बांधायचं सोडत नाहीत.