दोघांची एक खोली आणि घरातलं जुनं सामान

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना आला की पुष्कळ घरांत मुलांच्या खोलीचा विषय निघतो. शाळेला सुट्टी असते, मुलं दिवसभर घरात असतात, आणि आजवर आईजवळ झोपणारं धाकटं आता थोरल्याच्या खोलीत जाणार असतं. फ्लॅटमध्ये प्रत्येकाला वेगळी खोली देणं सगळ्यांना जमत नाही. दहा बाय दहाची एक खोली असते, आणि तिच्यात दोन मुलांचं झोपणं, अभ्यास, खेळ, भांडणं असं सगळं बसवायचं असतं. मग आईबाबा दुकानात जाऊन एकसारखा, गुळगुळीत, चकचकीत सेट बघून येतात. तो सेट बहुधा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा असतो. दोन-चार पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू निसटायला लागतात. त्याच वेळी गावाकडे माळ्यावर आजोबांची सागवानी खाट उभी करून ठेवलेली असते, आणि आजीची ट्रंक पलंगाखाली धूळ खात असते.

आज मी या जुन्या सामानाबद्दल बोलणार आहे. काटकसर हे त्याचं एक कारण आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन मुलांच्या खोलीत जुन्या वस्तूंमुळे एक मोठा प्रश्न सुटायला मदत होते. तो प्रश्न म्हणजे कुठलं माझं, कुठलं तुझं आणि कुठलं दोघांचं.

धाकट्या मुलाच्या बाजूनं जरा विचार करा. त्याच्या वाट्याला सगळं उतरलेलंच येतं. कपडे ताईचे, सायकल ताईची, रंगपेटीसुद्धा ताईनं अर्धी वापरलेली. आता तो ज्या खोलीत जाणार तीही ताईचीच. तिथे ताईचं जुनं टेबल त्याला दिलं, तर त्यात नवल काही नाही, पण त्याचं स्वतःचं असंही काही नाही. तेच टेबल पणजोबांचं असलं तर? मग ते ताईचं उतरलेलं राहत नाही. ते थेट पणजोबांकडून त्याच्याकडे आलेलं असतं, आणि मध्ये ताई कुठेच नसते. मुलांना हा फरक लगेच कळतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की घराण्यातली एखादी चांगली वस्तू धाकट्यासाठी राखून ठेवा.

आमच्या घरी ती वस्तू म्हणजे पत्र्याची ट्रंक. माझ्या आजोबांची नोकरी बदलीची. प्रत्येक गावी ही ट्रंक त्यांच्याबरोबर गेली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, पेंटरच्या वळणदार अक्षरात, आजोबांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे. एका कोपऱ्यावर पोचा आहे आणि कडीजवळचा हिरवा रंग हात लागून लागून उडाला आहे. माझ्या मुलाला नुकतं वाचता यायला लागलं होतं. त्यानं झाकणावर बोट फिरवत एकेक अक्षर लावलं, आणि शेवटी आपलंच आडनाव आलं तेव्हा त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून त्याचे ठोकळे, गाड्या, गोट्या सगळं त्या ट्रंकेत राहतं. ताईलासुद्धा ती उघडायची तर त्याला विचारावं लागतं.

मात्र ट्रंक मुलांच्या हाती देण्याआधी तीन गोष्टी करून घ्याव्या लागतात. कडी-कोयंडा काढून टाका, म्हणजे लपाछपीत कुणी आत बसलं तरी बाहेरून बंद होणार नाही. मागच्या पत्र्याला ड्रिलनं चार-पाच भोकं पाडून त्यांची धार घासून घ्या, म्हणजे आत हवा राहील. आणि झाकणाला आधार लावा. जुन्या ट्रंकेचं झाकण जड असतं, ते बोटांवर आपटलं तर इजा मोठी होते. हे काम कुठलाही पत्र्याचं काम करणारा करून देतो.

थोरल्या मुलीची वस्तू वेगळी. तिला शिलाई मशीनचा जुना स्टँड मिळाला. बिडाचा, नक्षीचा, खाली पायटा असलेला. मशीन काढून घेतलं आणि वर सुतारानं सागवानी फळी बसवून दिली, की अभ्यासाचं टेबल तयार. गणितं सोडवताना तिचा पाय पायट्यावर हलत असतो, तिला ते आवडतं. चाकाचा पट्टा मात्र काढून टाकलेला आहे आणि चाक तारेनं बांधलंय, कारण धाकट्याची बोटं तिथे जाणार हे ठरलेलंच. असं टेबल पाच-सहा वर्षांच्या मुलाला उंच पडतं, हेही ध्यानात ठेवा. मूल बसल्यावर त्याचं कोपर फळीच्या बरोबरीनं यायला हवं, आणि पाय जमिनीला किंवा पाटावर टेकायला हवेत.

आणि तिसरी वस्तू दोघांची. चावीचं भिंतीवरचं घड्याळ, टोले देणारं. एकदा चावी दिली की आठवडाभर चालतं. एका रविवारी ताई चावी देते, पुढच्या रविवारी भाऊ. मोठं माणूस शेजारी उभं असतं, स्टूल धरून. या घड्याळावरून भांडण होत नाही, कारण पाळी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तुमच्या घरी कदाचित ट्रंक नसेल, घड्याळ नसेल. आजीचा चौरंग असेल, काकांचं कॅरम असेल, आत्याची सावंतवाडीची लाकडी भातुकली असेल. वस्तू कोणतीही चालेल. खोलीत आल्यावर तिला काहीतरी काम मिळालं पाहिजे आणि तिचा मालक ठरला पाहिजे.

हे मी आवर्जून सांगते, कारण याच्या उलटही होतं. घरातल्या मोठ्यांना वस्तू टाकवत नाहीत. मग 'मुलांच्या खोलीत ठेवा' असं म्हणून फुटकी बरणी, बंद रेडिओ, कुणाकुणाच्या फोटोंच्या तसबिरी तिकडे जातात आणि खोलीचा माळा होतो. मुलांना त्या आठवणी ठाऊक नसतात, पण त्यांना हात न लावता जपण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर येते. हे बरोबर नाही. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या स्मृतीला वाहिलेला हा संग्रह केळकरांनी पुढे महाराष्ट्र सरकारला दिला. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, कोरीव दरवाजे आहेत, रोजच्या वापरातली किती सुंदर भांडी आहेत. सुट्टीत मुलांना तिथे जरूर घेऊन जा. घरातल्या साध्या वस्तूवर कारागीर किती जीव लावायचा, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. पण तिथे वस्तू काचेआड असतात, आणि तिथे ते योग्यच आहे. मुलांच्या खोलीत जे येईल त्याला हात लागणार, ते कधीतरी पडणार, त्याच्यावर स्केचपेनची रेघ उठणार. हे ज्या वस्तूच्या बाबतीत तुम्हाला सहन होणार नाही, ती तुमच्या खोलीत ठेवा.

निवड मुलांना करू द्या. गावाला जाल तेव्हा त्यांना माळ्यावर घेऊन जा आणि ती कशाकशाला हात लावतात ते बघा. आजीला सांगा, 'आई, मुलांना हे हवंय, याची गोष्ट तुम्हीच सांगा.' वस्तू हातात असताना ऐकलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

आता गोधडीबद्दल. माझ्या मते या खोलीतली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच. दोन पलंग वेगवेगळे असले, एक लोखंडी आणि एक लाकडी, तरी दोन्हींवर एकाच हातच्या गोधड्या पडल्या की खोली एक दिसते. वापरून मऊ झालेली सुती पातळं घ्या. पैठणीला कात्री लावू नका. रेशीम या कामाला येत नाही, धुण्यात टिकत नाही. अस्तराला आजोबांचं धोतर चालतं. तीन-चार थर पुरे, कारण जाड गोधडी भिजली की उचलवत नाही आणि मग ती धुतलीच जात नाही. दोरा मात्र नवा आणि पक्का घ्या. आमच्या गोधडीत आजीच्या इरकलीचे काठ आहेत. गर्द हिरवी जमीन, लाल काठ, आणि मध्ये एका जागी शिवलेली खोच तशीच ठेवलेली. मुलीला ती खोच बोटानं बरोबर सापडते, दिवा बंद असतानासुद्धा. गोधडी शिवणाऱ्या बायका अजून गावोगावी आहेत. त्यांना कामाचे नीट पैसे द्या. ते फार कष्टाचं काम आहे, पाठ मोडते.

घरात जुनं नसेल तर बाजारात मिळतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत भेंडीबाजाराजवळ चोरबाजार आहे, आणि जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. घेताना वस्तू उलटी करून बघा. वरून पॉलिश सगळ्यांनाच असतं. खालच्या बाजूला, खणाच्या मागे, लाकूड उघडं असतं. तिथे कडेला थर दिसले तर ते प्लायवुड समजा. सागवान हाताला जड लागतं, आणि रंधा मारला की त्याला तेलकट वास येतो. टाचणीएवढी भोकं दिसली आणि त्यांतून ताजा, फिकट भुसा गळत असला तर आत कीड जिवंत आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी असू शकते. अशी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नका.

रंगाविषयी जरा सविस्तर सांगते, कारण हा मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या खाटेवर, पाळण्यावर, खेळण्यावर शिसं असू शकतं असंच धरून चाला. लहान मुलं पलंगाची कड चावतात, बोटं तोंडात घालतात, आणि शिसं त्यांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं. म्हणून पोपडे सुटलेली रंगीत वस्तू लहान मुलांसाठी घेऊच नका. आमच्या ट्रंकेचा कडीजवळचा उडालेला रंगही म्हणूनच आधी नीट बंद करून घेतला, वर पारदर्शक वॉर्निशचा हात देऊन. आजोबांची अक्षरं त्याखाली शाबूत राहिली. घरचीच जुनी खाट असेल आणि तिचा रंग काढायचाच असेल, तर कोरडं घासू नका. त्याची धूळ सर्वांत वाईट. पाणी मारून, ओलं ठेवून, घराबाहेर काम करून घ्या, मुलांना लांब ठेवा, आणि खाली पडलेला रंगाचा चिखल नीट गोळा करून टाकून द्या.

गादी मात्र अनोळखी घरातली कधीही घेऊ नका. ढेकूण एकदा आले की महिनोन्‌महिने जात नाहीत. आपल्याच घरची कापसाची गादी असेल तर ती पिंजून, नवीन खोळ घालून घेता येते, आणि मुलांना अशी गादी छान घट्ट मिळते. लाकडी खाटेच्या सांध्यांत ढेकूण लपतात, म्हणून खाट सुटी करून मेच्या उन्हात दोन-चार दिवस टाका आणि सांध्यांत उकळतं पाणी सोडा. आपल्या आज्या हेच करायच्या.

वर-खाली दोन पलंग करणार असाल, तर सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, आणि वरच्या पलंगाला चारी बाजूंनी कठडा हवा. जुनं लोखंडी कपाट असो की लाकडी फडताळ, ते वरच्या बाजूनं भिंतीला पट्टीनं ठोकून घ्या. मुलं खण उघडून त्यावर चढतात, आणि मग अख्खं कपाट अंगावर येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा. जुन्या पाळण्याच्या गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर त्यात बाळाला झोपवू नका. तो पाळणा बाहुल्यांना द्या.

थोरल्या मुलांसाठी एक गोष्ट राहिली. त्यांना खोलीत एक जागा अशी लागते, जिथे धाकट्याचा हात पोचत नाही. जुन्या वाड्यांत कोनाडे होते, फ्लॅटमध्ये एक फळी पुरते. तिच्यावर त्यांची कात्री, मणी, डायरी, अर्धवट चित्रं राहतील. आईनंसुद्धा तिथलं विचारल्याशिवाय आवरू नये.

ही कामं करायची तर आता फार दिवस हातात नाहीत. पावसाळी हवेत पॉलिश नीट वाळत नाही, त्यावर पांढुरकी झाक येते आणि काम पुन्हा करावं लागतं. म्हणून सुताराचं आणि पॉलिशचं काम आधी, मिरगाच्या आत उरकून घ्या. त्यानंतर निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून वास जाऊ द्या, आणि मगच मुलांना त्या खोलीत झोपवा. गोधडीला ऊन-पावसाची अडचण नाही, ती श्रावणात बसून शिवली तरी दिवाळीच्या थंडीपर्यंत होते.

नमस्कार.