इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा विमा: वर्षाला किती लागतात, आणि कशाचे?

[कॅमेरा साईटवर. मागे शिडी, कंड्युटचे पाईप, पावसाचा आवाज.]

नमस्कार मंडळी. माझ्या मागे जे काम चाललंय ते गुहागरजवळच्या एका होमस्टेचं. जांभ्याचं जुनं घर, वर कौलं, सात खोल्या, सात एसी, आणि मालकांना गणपतीच्या आधी सगळं चालू हवंय. म्हणजे भर पावसात, ओल्या भिंतीत, ओल्या शिडीवर आमची पोरं काम करणार. कोकणातला आमचा धंदा असाच आहे. मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आधी चाकरमानी यायच्या आत सगळ्यांना एकदमच वायरिंग हवं असतं.

परवा रत्नागिरीहून एका तरुण मुलाचा फोन आला. लायसन्स नवीनच हातात पडलंय, तीन वायरमन आणि एक हेल्पर ठेवलाय. त्याने विचारलं, "दादा, धंद्याचा विमा काढायचा तर वर्षाला किती लागतात?" मी फोनवर त्याला नीट सांगू शकलो नाही, कारण एका आकड्यात ते बसतच नाही. त्याला सांगायचं राहिलं ते आज सगळ्यांसाठी सांगतो.

आधी एक गोष्ट. "धंद्याचा विमा" नावाची एकच पॉलिसी आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही. कामगारांची वेगळी, दुसऱ्याच्या नुकसानीची वेगळी, मालाची आणि गाळ्याची वेगळी, साईटची वेगळी, गाडीची वेगळी. पैसे थोडेच असतील तर पहिली कुठली? माझं उत्तर ठाम आहे. पहिली डब्ल्यूसी. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. बाकी सगळं त्याच्यानंतर.

का, ते गणितानेच दाखवतो.

[वही कॅमेऱ्यासमोर.]

कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा. तेच गणित पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलं. कामावर असताना माणूस गेला, तर त्याच्या महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पगार कितीही असला तरी या हिशेबासाठी तो जास्तीत जास्त 15,000 धरतात. ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची आहे. आता तिशीतला वायरमन घ्या. तिसाव्या वर्षाचा आकडा 207.98. पंधरा हजाराचे अर्धे साडेसात हजार. गुणाकार करा: 15,59,850 रुपये. साडेपंधरा लाखांच्या वर! पंचवीस वर्षांचा मुलगा असेल तर 16,26,825. वय जितकं कमी तितकी रक्कम जास्त, कारण त्याची कमावती वर्षं जास्त उरली होती.

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर अर्ध्याऐवजी साठ टक्के धरायचे. म्हणजे रक्कम आणखी वाढते.

आता दुसऱ्या बाजूचं गणित. डब्ल्यूसीचा प्रीमियम निघतो वर्षाच्या एकूण पगारावर, हजारी दराने, म्हणजे दर हजार रुपये पगारामागे इतके रुपये. त्या मुलाकडे चार माणसं आहेत. प्रत्येकाचे महिना पंधरा हजार धरले तर वर्षाचा पगार 7,20,000. दर प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि कामाच्या धोक्याप्रमाणे तो बदलतो. घरातलं वायरिंग करणाऱ्याचा कमी, पोलवर चढणाऱ्याचा किंवा हाय टेन्शनवर काम करणाऱ्याचा जास्त. आपण समजायला हजारी 15 धरू. हा दर फक्त उदाहरणाचा, तुमचा तुम्हाला कोटेशनमध्ये मिळेल. तर 10,800 रुपये, वर 18 टक्के जीएसटी 1,944. एकूण 12,744. चार माणसांचं अख्खं वर्ष. महिन्याला हजार-अकराशे रुपये. एका चांगल्या मल्टिमीटरला यापेक्षा जास्त जातात.

म्हणून मला कुणी "डब्ल्यूसी महाग पडते" म्हटलं की वाईट वाटतं. ती महाग नाही. ती आपल्या कोटेशनमध्ये धरलेली नसते म्हणून महाग वाटते. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आता हे नीट ऐका, कारण इथेच बहुतेक जण फसतात.

एजंट विचारतो, "पगार किती दाखवू?" आणि आपण प्रीमियम वाचवायला आठ हजार सांगतो. माणसं सहा असताना चार सांगतो. कामाच्या रकान्यात "हेल्पर" लिहून टाकतो. प्रीमियम दोन-तीन हजारांनी उतरतो. पण कामगाराला मिळायची भरपाई त्याच्या खऱ्या पगारावर ठरते. पॉलिसीत जेवढं सांगितलं तेवढ्यावर कंपनी भांडणार, आणि मधला फरक तुमच्या डोक्यावर. रोजंदारीवर दोन दिवसांसाठी आणलेला माणूससुद्धा तुमचाच. तोंडी ठरलं होतं, कागद नव्हता, हे चालत नाही; तोंडी करारही करारच धरतात. आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून पोटकाम करून घेत असाल तर त्याच्या माणसांचीही नोंद करा, कारण त्याने पैसे दिले नाहीत तर गाडी तुमच्या दारात येते. याच नियमामुळे मोठे बिल्डर आणि रिसॉर्टवाले वर्क ऑर्डर द्यायच्या आधी आपल्याकडे डब्ल्यूसीची प्रत मागतात. अपघात झाला तर आधी त्यांना भरावं लागू शकतं.

"त्याने हातमोजे घातले नव्हते, मी सांगूनही ऐकलं नाही." हे मी फार वेळा ऐकलंय. किरकोळ दुखापतीत हा मुद्दा मांडता येतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हा बचाव कायद्यात उरत नाही.

आणि आपल्या गावांतली एक पद्धत. अपघात झाला की वाडीतली चार मोठी माणसं बसतात, दोन-तीन लाखांवर मिटवतात, घरच्यांची सही घेतात. मन चांगलं असतं, मला ते मान्य आहे. पण मृत्यूची भरपाई कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी नेऊन दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. उद्या गेलेल्या माणसाच्या बायकोने अर्ज केला तर पूर्ण रक्कम पुन्हा द्यावी लागेल, आणि तिने तो करावाच, तिचा हक्क आहे. महिनाभरात जमा केली नाही तर वर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. दंड विमा कंपनी भरत नाही. तो मालकाच्याच खिशातून जातो.

एक विचारायचं राहू नये: दवाखान्याचा खर्च. साध्या डब्ल्यूसीमध्ये तो किती बसतो हे कंपनीगणिक बदलतं, बहुतेक वेळा थोडे जास्त पैसे भरून वाढवून घ्यावा लागतो. शॉक लागून भाजलेल्या माणसाला आपल्याकडून कोल्हापूर नाहीतर मुंबईला हलवावं लागतं. तेव्हा तो वाढवूनच घ्या.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचा नियम बघा. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे. आणि हो, पोरांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर उतरवा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. माझ्याकडच्या प्रत्येकाचं बँकेत बसून मी फॉर्म भरून घेतलंय. पण ते त्यांचं स्वतःचं. त्याने मालकाची जबाबदारी एक रुपयानेही कमी होत नाही.

आता माल आणि गाळा. इथे माझा स्वतःचा घाव आहे.

22 जुलै 2021. चिपळूणला पाणी भरलं ते तुम्हाला आठवत असेल. बाजारपेठेच्या बाजूला माझा भाड्याचा गाळा होता. केबलची बंडलं, एमसीबी, पंखे, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, दोन तयार पॅनल. सगळं चिखलात. मला वाटलं, बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं खेळतं कर्ज देताना विमा उतरवलाय, दरवर्षी खात्यातून पैसे जातात, काळजी नाही. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, त्याने पॉलिसी उघडली. पत्ता जुन्या गाळ्याचा! मी दीड वर्षापूर्वी जागा बदलली होती आणि बँकेला कळवायचं राहून गेलं होतं. क्लेम नामंजूर झाला. पॉलिसी माझ्याकडे कधी आलीच नव्हती, आणि मीही कधी मागितली नव्हती. ती चूक भरून काढायला मला तीन वर्षं लागली.

तेव्हा आजच बँकेत जा आणि पॉलिसीची प्रत मागा. पत्ता बघा, रक्कम बघा. एप्रिल 2021 पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी आहे. आगीबरोबर वादळ आणि पूरही तिच्यात बसतात. आपल्याला दोन्ही लागतात: जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, मे 2021 मध्ये तौक्ते, आणि दोन महिन्यांत तो पूर. या पॉलिसीत विम्याची रक्कम मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी क्लेम कापत नाहीत, त्याहून कमी पडली तर कापतात. सीझनला माल जास्त भरता ना? मग रक्कम सीझनच्या मालाची धरा. साधी चोरी मात्र तिच्यात नाही, ती वेगळी घ्यावी लागते. तांब्याचा भाव बघता मी ती घेतो.

आणि खारा वारा. समुद्राजवळ सहा महिन्यांत चेंजओव्हर स्विचचे काँटॅक्ट हिरवे पडतात, अर्थिंगची पट्टी खाल्ली जाते. ते विम्यात बसत नाही. हळूहळू झालेली झीज म्हणजे अपघात नव्हे, असं पॉलिसीत लिहिलेलंच असतं.

[मीटरच्या पॅनलकडे बोट दाखवत.]

तिसरी, दुसऱ्याच्या नुकसानीची. पब्लिक लायबिलिटी म्हणतात तिला. 1991 चा याच नावाचा एक कायदा आहे, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. लोटे एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांना तो लागतो, आपल्या कामाला नाही. आपण घेतो ती ऐच्छिक. हे पॅनल बघा, थ्री फेज. समजा माझ्या माणसाकडून न्यूट्रलचा जॉइंट ढिला राहिला आणि तो सुटला. 230 च्या जागी काही खोल्यांत चारशेच्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात. फ्रिज, टीव्ही, एसीचे बोर्ड, सगळं जळेल. ते नुकसान ही पॉलिसी देते. पण जॉइंट पुन्हा करायचा खर्च देत नाही, कारण ते आपलंच वाईट काम. आणि काम सुपूर्द केल्यानंतर चार महिन्यांनी हे घडलं तर? काम संपल्यानंतरचं संरक्षण आहे का, हे आधीच लेखी विचारून घ्या. प्रीमियम ठरतो तो किती लाखांचं संरक्षण हवं, वर्षाची उलाढाल किती आणि काम कुठल्या जातीचं, यावर. घरं आणि दुकानं करणाऱ्याला कमी, हॉटेलं आणि बर्फाचे कारखाने करणाऱ्याला जास्त.

साईटची पॉलिसी, इरेक्शन ऑल रिस्क, म्हणजे यंत्रं बसवायचं काम चालू असतानाच्या नुकसानीची, प्रत्येक लहान कामाला लागत नाही. मोठं पॅनल, ट्रान्सफॉर्मर, सोलर असेल तर घ्या. ती कामाच्या किमतीवर आणि मुदतीवर निघते. वादळ-पुराच्या नुकसानीत आपण स्वतः सोसायची रक्कम जास्त ठेवलेली असते, ती सही करायच्या आधी वाचा. गाडीचं एवढंच सांगतो: खासगी नंबरच्या व्हॅनमधून धंद्याचा माल नेऊ नका. माल वाहणाऱ्या लहान टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर जून 2022 मध्ये 16,049 रुपये ठरला होता. तो जड वाटतो म्हणून लोक खासगी गाडी वापरतात, आणि अपघात झाल्यावर क्लेम अडकतो.

आता कोटेशन. समजा सगळ्या पॉलिसी मिळून वर्षाला 36,000 झाले आणि वर्षाची कामं 30 लाखांची. म्हणजे शंभर रुपयांच्या कामामागे एक रुपया वीस पैसे. मी ते दरात लपवत नाही, कोटेशनच्या खाली वेगळी ओळ लिहितो: "कामगार व तृतीय पक्ष विमा". या होमस्टेच्या मालकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुमच्या छपरावरून माझा माणूस पडला तर तुम्हाला धावावं लागू नये म्हणून. त्यांनी ती ओळ कापली नाही. कधीकधी कापतात, स्वस्तातला माणूस बघतात. ते काम मी सोडतो.

चला, पाऊस जरा उघडलाय. सोमवारी एक नवीन हेल्पर येतोय, एकोणीस वर्षांचा, दापोलीचा. त्याचं नाव यादीत चढवायला एजंटला आजच मेल करतोय, म्हणजे सोमवारी सकाळी शिडीला हात लावायच्या आधी ते पॉलिसीत असेल.