मुंबैक खोली, गावाक घर

(लघु माहितीपटाचं निवेदन)

दृश्य : बंद दार, कुलूप

कुलूप गंजलंय. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. कुणीतरी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढतं, दोन थेंब आत सोडतं. आता जरा थांबायचं.

पडवीत सामान उतरलंय. टेबलफॅन, पिठाचा डबा, दिव्यांची नवी माळ. रात्रभर गाडीत अवघडून आलेली माणसं चपला काढून उभी आहेत. मालवण तालुक्यातली ही वाडी. चतुर्थी तीन दिवसांवर आलीय आणि हे दार मे महिन्यानंतर आज उघडतंय.

उघडलं. आधी आत शिरते ती थोरली बाई, हातात काडेपेटी घेऊन. देवासमोर दिवा लागेपर्यंत बाकीचे उंबरठ्याबाहेर.

या माणसांचं रोजचं सगळं परळला आहे. पोरांची शाळा तिथं, दुखलंखुपलं तर डॉक्टर तिथला, आधार कार्डावर पत्ता तिथला. तरी कोकणातल्या चाकरमान्याला विचारा, तुमचं घर कुठं? तो परळ सांगणार नाही. मुंबईत त्याची असते ती खोली. घर गावाला. मुंबैक खोली, गावाक घर. पिढ्यानपिढ्या या दोन शब्दांत गल्लत झाली नाही.

दृश्य : देव्हारा, समई, कोनाड्यात चष्म्याचं घर

संस्कृतातलं गृह प्राकृतात आलं आणि घर झालं. मातृगृह झिजत झिजत माहेर झालं. देव्हाऱ्यातही तेच गृह दडलंय, देवगृह.

आजोबांचा चष्मा ज्यात राहायचा तेही घरच. ते अजून कोनाड्यात आहे, आतलं मखमली कापड उंदरानं कुरतडलंय. बुद्धिबळाच्या पटावर 64 घरं, सारीपाटावर 96, कुंडलीत 12. एखादी गोष्ट मनात घर करते. गवई ज्या गायकीत वाढतो ते त्याचं घराणं, आणि ग्वाल्हेर, आग्रा, किराणा ही घराण्यांची नावं तर गावांचीच. चोरानं दार फोडलं तर ती घरफोडी. भावाभावांत बिनसलं तर घर फुटलं. 'घरी विचारून सांगतो' म्हणजे बायकोला विचारून सांगतो. गोव्याच्या कोंकणीत नवरा घरकार आणि बायको घरकान्न.

खोलीला यातलं काही चिकटलं नाही. मनात कुणी खोली करत नाही. भाऊ वेगळे झाले म्हणून खोली फुटली, असं कुणी म्हणत नाही.

दृश्य : चाळीचा लांब व्हरांडा, दारासमोर पिंपं

ही खोली. 160 चौरस फूट. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर चाळी बांधल्या. बीडीडी हे नाव तिथून आलं. 207 इमारती, तळमजल्यावर तीन मजले, संडास व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून.

आणि ही खोली मिळणं म्हणजेसुद्धा नशीब. 1921 च्या जनगणनेत बाहेरून मुंबईत आलेल्यांमध्ये सगळ्यांत जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली होती. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1981 मध्ये, त्याआधी मालवणही रत्नागिरीतच. बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरलेला पोरगा थेट जायचा गावाच्या खोलीवर. एका गावचे लोक मिळून ती भाड्यानं घेत. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि वळकटीपुरती जागा. गिरणी पाळ्यांत चालायची, म्हणून झोपसुद्धा पाळ्यांत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत, एखाद्या गाववालीच्या हातचं. गोव्याच्या लोकांनी धोबीतलावच्या आजूबाजूला गावोगावच्या अशाच कुडी थाटल्या. कूड म्हणजे कोंकणीत खोलीच. तिथं संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, म्हणजे जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना, आणि पत्रं लिहायची ती घरी, मांडवीकाठी, झुवारीकाठी.

आपल्याकडं जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून. ज्यांचं जेवण एका चुलीवर, ते एक कुटुंब. त्या हिशोबानं खानावळीत जेवणाऱ्या बापाचं कुटुंब एकीकडं आणि त्याच्या पगारावर पेटणारी चूल दुसरीकडं. मनीऑर्डर पोचली की पोस्टमन अंगठा घ्यायचा, आणि घर चालायचं. 'घर चालतं' हे दोन शब्द कोकणात त्या फॉर्मवर उभे होते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, मनीऑर्डरी आटल्या.

दृश्य : मे महिना. छपरावर माणूस, हातात नळा

हे चित्रण मे महिन्यातलं. तेव्हाही आम्ही याच घरी आलो होतो, कारण घर बघायचं तर ते छपरावरून बघावं.

याला नळा म्हणतात. कुंभारानं चाकावर फिरवून, उभा चिरून केलेलं अर्ध्या नळीसारखं कौल. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. खिळा नाही, चुना नाही. एकमेकांच्या आधारानं बसलेले असतात. वानर छपरावरून गेले की नळे सरकतात, फुटतात, म्हणून दर मे महिन्यात सगळं छप्पर परतायचं. सगळे नळे काढायचे, पानं-माती झाडायची, फुटके बाजूला, चांगले परत ओळीनं लावायचे. हे काम जाणणारी माणसं आता शोधावी लागतात. या घराचा मागचा उतार मंगळुरी कौलांचा आहे, आणि पडवीवर पत्रा आलाय.

नळ्यांखाली रिपा, रिपांखाली वासे. हा वासा जवळून बघा. काळा कुळकुळीत, हात लावला तर चिकट. हा चुलीचा धूर आहे. रोज दोन वेळा चूल पेटायची, धूर वर जायचा, वाशांना बसायचा. त्या धुरानं लाकडाला भुंगा लागत नव्हता, वाळवी चढत नव्हती. बंद घरात चूल पेटत नाही. मग लाकूड पोखरतं, एक नळा सरकतो, पाणी आत येतं, मातीची भिंत फुगते. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. इथं ती डोळ्यांनी दिसते.

म्हणून कळवळून सांगावंसं वाटतं, घर झाडायला माणूस ठेवता तसं चूल पेटवायलाही ठेवा. महिन्यातून काही दिवस तरी.

हे शेजारचं जोतं. तीन पावसांपूर्वी यावर घर होतं. कागदावर नावं अनेक, छप्पर परतायचा खर्च कुणी करायचा ते ठरलं नाही.

दृश्य : माटवी; पाटावर खडूची अक्षरं

पुन्हा चतुर्थी. वरच्या लाकडी चौकटीला माटवी बांधणं चाललंय. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, आंब्याचे टाळ, तेरडा. परसात आणि रानात जे जे या दिवसांत आहे ते सगळं गणपतीच्या डोक्यावर टांगायचं. मुंबईहून आलेली पोरं एकेक नाव विचारताहेत. थोरले सांगताहेत, काही नावांवर थोरल्यांचंही अडतंय.

हा पाट नागपंचमीच्या सुमाराला गणपतीच्या शाळेत जातो. शाळा म्हणजे जिथं मूर्ती घडते ती चित्रशाळा. तिथं पन्नास पाट ओळीनं ठेवलेले, मग कुणाचा कोणता हे कळायचं कसं? पाट उलटा केला की खडूनं लिहिलेलं दिसतं. इथं आडनाव लिहून भागत नाही, अख्ख्या वाडीचं आडनाव एकच. म्हणून लिहिलंय : वयलां घर. खाली खालचां घर आहे, मध्ये मधलां घर. माणसं मुंबईत, सुरतेत, आखातात पांगली, तरी वाडीत कुणीही त्यांना ओळखतं ते याच नावानं. 'तू खंयच्या घरातलो?' 'वयल्या घरातलो.' एवढ्यावर पुढचे प्रश्न संपतात.

भावकीचा गणपती एकच, मूळघरात. मुंबईत चाळीचा सार्वजनिक गणपती कितीही मोठा असला तरी घरचा गणपती हा.

दृश्य : गाऱ्हाणं

'बा देवा गणपती म्हाराजा, तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली, ती मान्य करून घे. घरादारावर नजर ठेव. मुंबैक आसत, खंयव आसत, सगळ्यांका सांभाळ.'

'व्हय म्हाराजा!'

(इथं निवेदन नाही. आवाज चित्रणातलाच राहील.)

दृश्य : वरळी, नवी उंच इमारत

बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, प्रत्येकी 500 चौरस फुटांच्या. शंभर वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसांचा हा हक्कच होता. तिथल्या पोरांच्या तोंडी आता 'आमचं घर' येतं, आणि या वाडीतल्या घराला एक शब्द जास्तीचा लागलाय : गावचं घर.

दृश्य : विसर्जनानंतरची संध्याकाळ, बंद दार

पाणी सोडून सगळे परतले. सकाळी गाड्या निघाल्या. उरलेलं पीठ, गूळ, अर्धा नारळ शेजारी दिला. फॅन परत नेला. कुलूप लागलं, या वेळी तेल आधीच घातलंय.

या शेजारच्या काकी. वय सत्तरीच्या पुढं. तिन्हीसांजेला आपल्या देवाला दिवा दाखवला की कमरेची किल्ली काढून त्या इकडं येतात. मागच्या दाराचं कुलूप काढतात, अंधारात सवयीनं चार पावलं टाकतात, समईत तेल ओततात. आज त्यांनी बरोबर आणखी एक गोष्ट आणलीय : पदरात नारळाची सोडणं. चुलीत घालून पेटवली. धूर वाशांपर्यंत पोचेस्तोवर त्या तिथंच बसून राहिल्या.

तेलाची बाटली भरून ठेवलीय. दिवाळीपर्यंत पुरेल.