पॉटकेटचे पिचर

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील रोड आयलंड राज्यात पॉटकेट हे कापडगिरण्यांचे जुने शहर आहे. तेथील मॅकॉय स्टेडियमवर १९७० ते २०२० या काळात बोस्टन रेड सॉक्स या बड्या संघाच्या हाताखालचा बेसबॉल संघ नांदला. मायनर लीगची, म्हणजे बड्या संघांसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्तराच्या स्पर्धेची, रीतच अशी, की खेळाडू करारबद्ध असतात ते वरच्या संघाशी. त्यामुळे ज्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात चांगला चालतो, तोच हंगामाच्या मध्यात बोलावणे येताच निघून जातो. गावाच्या वाट्याला येते ती त्याची उमेदवारी, आणि माझ्या मते पाहण्यासारखी तीच असते.

१८ एप्रिल १९८१ रोजी रॉचेस्टरच्या संघाविरुद्ध सुरू झालेला सामना काही केल्या संपेना. रात्री ठराविक वेळेनंतर खेळ थांबवण्याचा नियम पंचांजवळच्या प्रतीत नेमका छापलेला नव्हता. खेळाडू मोडक्या बॅटी पेटवून शेकत होते. बेसबॉलचा सामना एरवी नऊ इनिंगचा, म्हणजे दोन्ही संघांच्या नऊ-नऊ पाळ्यांचा; इथे बत्तीस इनिंग झाल्या, पहाटेचे चार वाजून गेले, तेव्हा २-२ अशा बरोबरीत खेळ थांबला. प्रेक्षक उरले होते १९. अखेरच्या इनिंगमध्ये चेंडू टाकत होता ब्रूस हर्स्ट. जूनमध्ये सामना पुढे सुरू झाला, तेव्हा बॉब ओहेडाने एक इनिंग टाकली आणि अठरा मिनिटांत पॉटकेट जिंकले. हे दोघेही डावखुरे. १९८६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बड्या संघांच्या अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, हर्स्टने बोस्टनला दोन सामने जिंकून दिले, तर तोवर न्यूयॉर्क मेट्सकडे गेलेल्या ओहेडाने त्याच बोस्टनला एका सामन्यात हरवले. पॉटकेटकरांनी टाळ्या तरी कोणासाठी वाजवायच्या?

याच मैदानावर जपानच्या टोमो ओकाने २००० साली अवघ्या ७७ चेंडूंत सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. मॅकॉयचे डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या आसनांखाली होते, त्यामुळे मुले दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून, दोरीने खाली सोडत आणि सही झाली की वर ओढून घेत.

२०२१ साली संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरला गेला. रीत मात्र तीच राहिली. कॉनली अर्ली हा डावखुरा तरुण वूस्टरला जेमतेम रुळला होता, तोच सप्टेंबर २०२५मध्ये बोस्टनहून बोलावणे आले, आणि पहिल्याच सामन्यात त्याने ११ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देता बाद केले.