खाडीचा प्रबंध

[दृश्य: पहाट. रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी. पाणी मागे हटलेलं, तळ उघडा. चिखलात वाकलेल्या बायका.]

निवेदन:

अमावास्येची सुकती. आज पाणी लांब गेलंय, एरवी दिसत नाही तो पलीकडचा वाळूचा बांधही वर आलाय. गावातल्या बायका उजाडायच्या आधीच उतरल्यात. कमरेला टोपली, हातात लोखंडी पळी. पण खरं काम पायाचं. अंगठ्यानं चिखल चाचपायचा, काही टोचलं की वाकायचं आणि तिसरी, म्हणजे खाडीतली शिंपली, वर काढायची. दोन-अडीच तास मिळतात. मग भरती येते आणि खाडी पुन्हा झाकली जाते.

यातल्या एका मावशीला नीट बघून ठेवा. हिरवं लुगडं, डोक्याला टॉवेल बांधलेला. आज दुपारी त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणार आहेत. दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा तिथं गेल्या, तेव्हा वयाची साठी उलटली होती आणि शाळा चौथीत सुटली होती.

[दृश्य: ग्रंथालय. कपाटांची रांग. गडद बांधणीचे जाड ग्रंथ, पाठीवर सोनेरी अक्षरं.]

ही प्रबंधांची कपाटं. पीएच.डी. मिळवायची तर प्रबंध लिहावा लागतो, आणि त्याची एक प्रत ग्रंथालयात येते. इथल्या कपाटांत आंबा आहे, काजू आहे, कातळावरची रानफुलं आहेत, खारफुटी आहे, बंदरांचा इतिहास आहे, बोलीभाषा आहेत. म्हणजे जवळजवळ अख्खं कोकण इथं आहे, फक्त इंग्रजीत आणि काचेआड.

ग्रंथपाल मॅडम इथं आल्या तेव्हा त्यांनी आधी एक वही उघडली. प्रबंध घरी नेता येत नाही, इथंच बसून वाचायचा आणि वहीत नोंद करायची, अशी पद्धत आहे. वहीत नावं होती, पण सगळी पुढच्या विद्यार्थ्यांची. एका प्रबंधावरून दुसरा प्रबंध लिहिणारे. ज्यांच्या बागेत झाडं मोजली, ज्यांच्या होडीतून पाण्याचे नमुने घेतले, ज्यांच्या ओटीवर बसून गाणी उतरवून घेतली, त्यांच्यातलं एकही नाव त्या वहीत नव्हतं.

प्रबंधात त्यांची आठवण असते, नाही असं नाही. सुरुवातीला ऋणनिर्देश असतो. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, आईवडील, मित्रमंडळी, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘स्थानिक मच्छीमार महिलांचे आभार’. त्या महिलांपर्यंत ते आभार कधी पोचलेच नाहीत.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. शि. रा. रंगनाथन. 12 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. दुसरा सगळ्यांच्या ध्यानात राहतो. तिसरा मात्र ग्रंथपालाला खुर्चीवरून उठवतो, कारण पुस्तक चालत जाणार नाही. त्याचा वाचक कुठं आहे ते शोधत कुणाला तरी जावं लागतं.

[दृश्य: एस.टी. थांबा. उतरणारी माणसं. विद्यापीठाचं फाटक.]

तर कार्यक्रम असा ठरला. महिन्यातून एक शनिवार, एक प्रबंध. ज्यानं तो लिहिला त्यानं यायचं आणि ज्यांच्या गावावर तो लिहिला त्यांच्यासमोर अर्धा तास मराठीत सांगायचं, काय शोधलं, कसं शोधलं, काय सापडलं. मग लोकांनी बोलायचं, कितीही वेळ. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, व्यासपीठही नाही. सगळ्यांच्या खुर्च्या एका पातळीवर.

पहिला शनिवार मार्चमध्ये धरला. तीन माणसं आली.

मार्चमध्ये कोकणातला माणूस काजूच्या बिया वेचत असतो, आंब्याच्या राखणीला असतो, शिमग्याच्या पालखीबरोबर असतो. विद्यापीठाचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊन परीक्षेला संपतं. गावाचं वर्ष पाऊस, समुद्र आणि देव यांच्या हातात असतं. मग मॅडमनी ग्रंथालयाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. मार्च ते मे, बागा. जूनच्या पहिल्या पावसापासून जुलैपर्यंत भाताची पेरणी-लावणी, पण समुद्रावरचा माणूस त्याच दिवसांत घरी, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. भाद्रपदात गणपती आणि मुंबईचे चाकरमानी. ऑक्टोबरला कापणी. मधे ज्या फटी उरल्या त्यांत कार्यक्रम बसवले. वेळही बदलली. शेवटची एस.टी. पाचला असते, म्हणून साडेचारला उठायचं म्हणजे उठायचं.

आणि एक गोष्ट राहिली होती, फाटक. नागरिकांसाठी ग्रंथालय खुलं आहे, असा कागद कार्यालयात होता. पण फाटकावर वर्दीतला माणूस ‘काय काम आहे?’ विचारतो, तेव्हा ‘वाचायला आलोय’ असं सांगण्याची सवय किती जणांना असते? पहिले काही महिने मॅडम स्वतः फाटकात उभ्या राहिल्या. माझ्या मते या साऱ्या उपक्रमात त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

[दृश्य: वाचनकक्ष. अर्धवर्तुळात खुर्च्या. भिंतीवर आकड्यांचा तक्ता.]

तिसऱ्यांचा प्रबंध वाचला गेला तो दिवस.

खाडीतल्या शिंपल्यांवर पाच वर्षं काम केलेली एक मुलगी बोलत होती. दर महिन्याला ठरावीक चौकोनात किती तिसऱ्या मिळाल्या, आकार किती, पाण्याचा खारेपणा किती, असा तक्ता. पावसाळ्यात नद्यांचं पाणी उतरलं की खाडीचा खारेपणा एकदम घसरतो, उन्हाळ्यात चढतो, तिनं आलेखावर दाखवलं. मावशी म्हणाल्या, “होय. पानी गोडं झालं का तिसरी त्वांड मिटून बसते.” मुलीनं मान डोलावली. अशा पाण्यात शिंपली झाकणं घट्ट मिटते, तिच्या प्रबंधात त्यावर आख्खं प्रकरण आहे.

मग मावशी तक्त्याजवळ गेल्या. एका महिन्यावर बोट ठेवलं. बाकी महिन्यांपेक्षा त्या महिन्याचा आकडा फार खाली होता. “ह्या दिसाला तिथी कोन्ची व्हती?”

कुणालाच उत्तर येईना. प्रबंधात तारखा होत्या. मॅडमनी जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला, हे ग्रंथालय दरवर्षीचं पंचांग जपून ठेवतं. ती तारीख निघाली अष्टमीची.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. भरती मोठी चढते, ओहोटी मोठी उतरते. त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या आसपास त्या ओढी काटकोनात येतात, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. तो भांग. भांगेला पलीकडचा बांध उघडाच पडत नाही, आणि तिसऱ्या तर तिकडं जास्त.

मुलीला हे ठाऊक होतं. नमुने उधाणालाच घ्यायचे, असंच तिनं ठरवलेलं होतं. पण त्या महिन्यात ती तापानं पडली, आठवडाभर उशिरा गेली, आणि लिहिताना ती गोष्ट राहून गेली. आकडा तेवढा उरला. त्या महिन्यात तिसऱ्या कमी नव्हत्या, माणूस त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. मला ती मुलगी फार मोठी वाटली. आणि मावशीही, कारण त्यांनी तिला चूक म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “आमाला तारीख नाय लागत बाय, तुमाला तिथी नाय लागत. दोन्ही लिवलं तर कुनाचंच आडनार नाय.”

प्रबंधाला पेन्सिलही लावायची नाही, हा ग्रंथालयाचा नियम. म्हणून मॅडमनी एक वेगळा कागद केला, तारखेशेजारी तिथी, तिथीशेजारी उधाण की भांग, आणि तो त्या पानाशी ठेवून दिला. पुढं येणाऱ्या विद्यार्थ्याला तो सापडेल.

[दृश्य: पावसाळा. वर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या. सोसायटीची शेड, जाळ्यांना गाठी मारणारे पुरुष.]

बंदीच्या दोन महिन्यांत ग्रंथालय बंदरावर येतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासळी कुठं मिळण्याची शक्यता आहे त्याची सूचना काढते, कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. ती मराठीतही मिळते. बंदीच्या काळात ही सूचना निघत नाही, म्हणून जुन्या सूचना घेऊन वाचायला शिकायचं, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या की ती हाताशी असेल. चार संध्याकाळी, बस्स. तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, अक्षांश-रेखांश शिकवावे लागत नाहीत. शिकायचा असतो तो मोबाइलचा पडदा.

[दृश्य: गणपतीचे दिवस. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात टेबलं. पत्र्याच्या पेट्या, कापडात बांधलेल्या वह्या.]

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो कार्यक्रम गौरी-विसर्जनानंतरचा, चाकरमानी परतीच्या गाडीला लागायच्या आधीचा. नाव साधं आहे, ‘जुने कागद घेऊन या’.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडपर्यंत घरांवरची कौलं-पत्रे उडाले, माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. घरात पाऊस शिरला तसा पेट्यांतही शिरला. लोकांनी ओले कागद उन्हात टाकले, पानं चिकटली ती ओढून सोडवली, आणि अक्षरं पानाबरोबर निघून आली.

म्हणून इथं आधी हात शिकवले जातात. ओला कागद दोन दिवसांच्या आत सुकायला लागला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. ऊन नको. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर. वही उभी ठेवायची, पानं थोडी फाकवून, मधेमधे कोरा टीपकागद, आणि तो भिजला की बदलायचा. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. कोकणात हे एकदा शिकून पुरत नाही. चार महिने हवाच ओली, आणि वाळवी-कसर बारा महिने.

मग पेट्या उघडतात. सातबाऱ्याचे जुने उतारे. जुन्या मोडी लिपीतली खतं, जी घरात आता कुणालाच वाचता येत नाहीत. त्यांच्यापायी इथं मोडीचा वर्ग निघाला आणि त्यात सगळ्यात नियमित येतात ती निवृत्त माणसं. जाखडी नाचाच्या गाण्यांच्या वह्या, त्यातल्या दोन पक्षांचे, शक्तीवाल्यांचे सवाल आणि तुरेवाल्यांचे जवाब, वहीच्या दोन बाजूंनी लिहिलेले. ग्रंथालय प्रत्येक पान स्कॅन करतं आणि मूळ वही मालकाला परत देतं. मूळ ठेवून घ्यायची नाही, हे मॅडमनी पहिल्याच वर्षी ठरवलं. वही घरी परत जाते म्हणून पुढच्या वर्षी शेजारीही आपली पेटी घेऊन येतो.

एका घरातून आले मनीऑर्डरच्या पावत्यांचे तुकडे. गिरणीत असलेले आजोबा दर महिन्याला पैसे पाठवायचे. फॉर्मच्या खाली निरोपाला चार ओळींची जागा असायची. आजींनी ते तुकडे दोऱ्यात ओवून ठेवले होते. नातवानं आमच्यासमोर एकेक वाचला. पावसाआधी घर शाकारून घेणे. गाय व्यायली का कळवणे. बाळास शाळेत घालणे. चार ओळींत माणसानं मुंबईहून घर चालवलं होतं. बेचाळीस तुकडे वाचून होईपर्यंत व्हरांड्यात कुणी उठलं नाही.

[दृश्य: रत्नागिरी शहर. वाचनालयाची पाटी.]

या मातीला वाचन नवं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. मुंबईत विद्यापीठ निघालं 1857 ला, म्हणजे त्याच्याही 29 वर्षं आधी इथं ग्रंथालय होतं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय 1871 चं. गावोगावची वाचनालयं आजही आहेत, सरकारच्या सगळ्यात तळच्या ‘ड’ वर्गाच्या तुटपुंज्या अनुदानावर, एका माणसाच्या भरवशावर. विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांना विचारून, त्यांच्याच खोलीत कार्यक्रम करतं. तिथल्या माणसाला शोधगंगा या संकेतस्थळावरचे प्रबंध कसे काढायचे, मराठी विश्वकोशाचे 20 खंड मोबाइलवर कसे चाळायचे, ते दाखवून येतं. दोन्ही फुकट आहेत. ठाऊक मात्र फार थोड्यांना.

[दृश्य: दुपार. पुन्हा ग्रंथालय. सकाळच्याच मावशी, आता धुतलेलं लुगडं, हातात पिशवी.]

आज शनिवार. आजचा प्रबंध कांदळवनावरचा आहे. मावशी तासभर आधी आल्यात. त्यांना ‘आपला’ प्रबंध बघायचाय. तिसऱ्यांचा. इंग्रजी वाचता येत नाही, पण तक्ता वाचता येतो, आकडे कळतात, आणि तिथीचा कागद तर मराठीतच आहे. नातीला दाखवायला त्याची झेरॉक्स हवी आहे. मॅडम ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतात, भिजू नये म्हणून.

जायच्या आधी वहीत नोंद. नाव मावशी स्वतः लिहितात, सावकाश, एकेक अक्षर. पुढच्या रकान्यात छापलंय ‘विभाग’. तिथं विद्यार्थी लिहितात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मराठी.

“हितं काय लिवू?”

“तुम्ही काम कुठं करता, ते लिहा.”

मावशी पेन टेकवतात आणि लिहितात, खाडी.

[दृश्य: वहीचं पान. पंख्याच्या वाऱ्यानं हलणारी कड.]