चंद्राच्या कडेवरचा वाद

दुर्बिणीत दिसतोय तो अर्धा चंद्र. त्याच्या अंधाऱ्या कडेपासून जरा लांब जो तांबूस ठिपका आहे, ती रोहिणी. चंद्र तिच्याकडे सरकतोय. आता पापणी लवू देऊ नका. आहे... अजून आहे... गेली.

मंदावली नाही, थरथरली नाही. बटण दाबून दिवा घालवावा तशी गेली. याला पिधान म्हणतात. चंद्रावर हवा आहे की नाही, या भांडणातला सगळ्यात जुना आणि भरवशाचा साक्षीदार हाच.

भांडण गॅलिलिओइतकं जुनं. 1610 साली त्याने चंद्रावरच्या डोंगरांबद्दल लिहिलं आणि स्वतःच पेचात पडला. डोंगर आहेत, तर चंद्राची कड करवतीसारखी का दिसत नाही? त्याने दिलेल्या कारणांपैकी एक असं, की चंद्राभोवती दाट वाफेचं आवरण असावं. पुढे 1715 च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राभोवती उजेडाचं कडं दिसलं. ते चंद्राच्या हवेचं असावं, असा एडमंड हॅलीचा कल होता. निघाला तो सूर्याचा करोना, म्हणजे सूर्याचंच बाहेरचं तेजस्वी आवरण.

1753 साली रॉजर बॉस्कोविच या शास्त्रज्ञाने नकाराची बाजू मांडली. हवा प्रकाश वाकवते. चंद्रावर हवा असती, तर कडेला आलेला तारा आधी फिका पडला असता, जागेवरून ढळला असता, आणि चंद्रामागे गेल्यावरही क्षणभर दिसत राहिला असता. 1834 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलने पिधानांच्या वेळांवरून हिशोब मांडला. हवा असलीच, तर ती पृथ्वीच्या हवेच्या फार तर साधारण एक हजारांश!

हवा आहे म्हणणारेही काही भाबडे नव्हते. जर्मनीतल्या लिलिएनथालच्या योहान श्रोटर या निरीक्षकाला 1792 मध्ये चंद्रकोरीच्या टोकांपाशी, जिथे दिवस संपून रात्र सुरू होते तिथे, पुसट उजेड दिसला. त्याने त्याला चंद्रावरचा संधिप्रकाश म्हटलं. आणि 1856 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पीटर हॅन्सेनने जी खेळी केली, तिला मी तरी दाद देईन. चंद्राचा गुरुत्वमध्य म्हणे पलीकडच्या बाजूला सुमारे 59 किलोमीटर सरकलेला आहे, म्हणजे हवाही तिकडेच गोळा झाली असणार. जी बाजू पृथ्वीवरून कधी दिसतच नाही, तिथे हवा नेऊन ठेवली की खोडणार कोण? 1868 मध्ये सायमन न्यूकमने खोडलं, हॅन्सेनचंच गणित उसवून.

तरी खगोलशास्त्रज्ञ विल्यम पिकरिंग विसाव्या शतकातही चंद्रावर हवा आहे म्हणायचा हटला नाही. इरॅटोस्थेनिस विवरातले सरकणारे काळे डाग त्याला किड्यांचे थवे वाटले.

आजकाल वादाला वेगळंच तोंड फुटतं: चंद्रावर हवा नाही, तर तिथे रोवलेला अपोलोचा झेंडा फडकला कसा? झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती. काठी रोवताना कापड हललं, आणि त्याला थांबवायला हवाच नसल्याने हलतच राहिलं. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटने कॅमेऱ्यासमोर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदमच सोडलं. दोन्ही एकदमच जमिनीला टेकले.

मग निकाल काय? डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 च्या अंतराळवीरांनी चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो दरीत एक मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू-रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, ठेवला. दिवसा त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण उन्हात तापलेल्या यानातून आणि यंत्रांतून निघणारे वायूच तो मोजत बसे. खरं मोजमाप व्हायचं रात्री. हेलियम सापडला, तो मुख्यतः सौरवाऱ्यातून, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोतातून, आलेला. आर्गॉन सापडला, तो खडकांमधल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होऊन झिरपत वर आलेला. पण किती? एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण दोन लाख अणू. पृथ्वीवर समुद्रसपाटीला तेवढ्याच जागेत 25 वर 18 शून्यं इतके रेणू असतात. चंद्रावर अणूची अणूशी गाठच पडत नाही. प्रत्येक जण एकटाच उडतो, जमिनीवर आपटतो, पुन्हा उडतो. ना वारा, ना आवाज. शास्त्रज्ञ याला बाह्यावरण म्हणतात. वातावरण या शब्दाचा रोजचा अर्थ धरला, तर माझ्या मते बॉस्कोविच जिंकला.

फक्त त्या आर्गॉनची एक गंमत सांगायची राहिली. चांद्ररात्रीच्या थंडीत तो जमिनीला चिकटून बसतो. सूर्योदय जवळ आला की उजेडाच्या बाजूला सुटलेले अणू उड्या मारत अंधारात शिरतात, आणि दरीतल्या त्या यंत्रावर आर्गॉनचा आकडा सूर्य दिसण्याआधीच चढू लागतो. चंद्रावरच्या दिवस-रात्रीच्या सीमेवर, जिथे श्रोटर डोळे ताणून बघत होता, तिथेच.